आमच्या गावातल्या होणाऱ्या पदवीधर

मी सातवी पास झाले त्या वर्षी पिंपरीला औषधांचा कारखाना उभा राहत होता आणि आकुर्डीच्या पलीकडे आमच्या गावातही ज्याला त्याला भविष्य दिसायला लागलं होतं. चिंचवडच्या शाळेत मुलींसाठी आठवीचा वर्ग काढायचं घाटत होतं. आसपासच्या गावांतून पुरेशा मुली मिळाल्या तर वर्ग निघणार होता. मला त्या वर्गात जायचं होतं. त्या वर्षी मला दुसरं काही नको होतं, दिवाळीचा परकरसुद्धा नको होता.

मुली मोजायला पुण्याहून एक साहेब जीपमधून आले. आज मुली किती, एवढ्यावर त्यांचं भागणार नव्हतं. पंचवीस वर्षांनी या गावातल्या किती मुली कॉलेज शिकलेल्या असतील, याचा अंदाज सरकारला हवा होता. चावडीतल्या मंडळींना हे काम फारच आवडलं. आपली मुलगी यंदा कितवीत आहे हे ज्यांना घरी विचारून यावं लागे, ते पंचवीस वर्षांनंतरचं धडाधड सांगायला लागले.

गुरुजींचं अक्षर खुद्द गुरुजींनाही लागत नसे, म्हणून तक्ता भरायला मला बोलावलं. पोरीनं शिकून काय दिवे लावायचेत, असं म्हणणाऱ्यांना माझं वळणदार अक्षर मात्र चाललं. मी दौत आणि टाक घेऊन सतरंजीच्या कडेला बसले. वडील पंच होते, ते साहेबांच्या शेजारी लोडाला टेकून बसले.

आधी मुलगे झाले. चौथीत तीनदा नापास झालेला एकजण माझ्या हातून डॉक्टर झाला, आणि ज्याला म्हशी हाकताही धड येत नव्हत्या त्याला मी इंजिनेर केलं. मग बारा ते अठरा वयाच्या मुलींचा रकाना आला. पहिल्या घरची सासरी नांदत होती, तिचा प्रश्न नव्हता. दुसरीचं लग्न झालेलं, पण ती अजून माहेरीच होती. तिचे वडील म्हणाले, ती आता भोसरीकरांची, त्यांच्या गावात लिहा. भोसरीचा तिचा चुलतसासरा नेमका तिथेच बसला होता. त्यानं मान हलवली.

"आमच्यात नांदाया आली न्हाई अजून. आमी कशी लिवायची?"

ती मुलगी त्या वेळी डोक्यावर हंडा घेऊन चावडीसमोरून चालली होती. सगळ्यांना दिसत होती आणि कुठल्याच गावात नव्हती. तिसरीची सुपारी फुटली होती, चौथीची बोलणी चालली होती. त्याही गेल्या. एकेक मुलगी वगळली जात होती तसतसा चिंचवडचा वर्ग मला लांब जाताना दिसत होता.

आमच्या घराची पाळी आली तेव्हा मी कुणी सांगायची वाट न बघता माझं नाव लिहायला घेतलं. वडील म्हणाले, "तुजं नगं लिवू. चाकनला बोलनं लागलंय."

माझ्या लग्नाची बातमी मला अशी कळली. चाकणच्या लोकांना ती माझ्या आधी ठाऊक होती, आणि आता सगळ्या चावडीलाही झाली. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी लिहिलेली दोन अक्षरं खोडली. शाई ओली होती, तिथं मोठा डाग पडला.

मुलींची बेरीज शून्य आली. साहेबांनी आलेखाचा चौकटींचा कागद पसरला आणि शून्याशी पेन्सिल टेकवली. शून्यापासून निघालेली रेघ पंचवीस वर्षं चालली तरी शून्यालाच पोचणार, हे त्यांना शिक्षणामुळे लगेच समजलं. असा कागद वरच्या साहेबांपुढे नेता येत नाही म्हणाले. थोडं तरी चढतं दाखवा, अशी जवळजवळ विनवणीच केली.

तेव्हा पाटलांना सुचलं. पंचवीस वर्षांनंतरचं विचारताय ना, मग पाळण्यातल्या लिहा की. साहेबांचा चेहरा एकदम खुलला आणि चावडीत बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी सुरू झालं. जिच्या बारशाच्या घुगऱ्या अजून लोकांना पचल्या नव्हत्या ती बी.ए. झाली. तिच्या शेजारच्या घरानं ईर्षेनं आपली एम.ए. केली. एकानं तर बायकोला दिवस गेले होते तेवढ्यावर एक पदवी मागून घेतली. साहेबांची रेघ घोरावडेश्वराच्या डोंगरासारखी चढत गेली. आज ज्यांना एक इयत्ता पुढे पाठवायची नव्हती, त्यांना पंचवीस वर्षांनंतरची पदवी द्यायला काहीच जड जात नव्हतं.

वडिलांनीही माझ्या आठ महिन्यांच्या बहिणीला बी.ए. सांगितलं. माझा हात थांबला. मी सगळ्यांदेखत विचारलं, "आनि मी?"

ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते समजूत घातल्यासारखं म्हणाले, "तू आता मोठी झालीस." मी मान खाली घालून बहिणीपुढे बी.ए. लिहिलं. खाली पंच म्हणून वडिलांनी सही केली. साहेब खूश होऊन गेले, ते पुन्हा कधी दिसले नाहीत. चिंचवडचा वर्ग त्या वर्षी निघाला नाही, आणि मी चाकणला सासरी गेले.

बहीण सातवी झाली तेव्हा वडिलांनी तिच्यासाठीही स्थळ बघितलं. निरोप मिळाला तसा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तडक माहेरी आले आणि वडिलांना सांगितलं, तुम्ही हिला बी.ए. करणार म्हणून सरकारला लिहून दिलंय, अक्षर माझं आहे आणि सही तुमची. भावकीला, पाटलाला, कुणाला म्हणून न घाबरणारा हा माणूस कागदाला घाबरला.

"इचाराया येत्याल का गं?"

येतात, मी म्हणाले. एवढं मोठं खोटं मी आयुष्यात परत बोलले नाही. स्थळ मोडलं. त्यानंतर रस्त्यानं कुठलीही जीप जाताना दिसली की वडील बहिणीला पुस्तक घेऊन ओसरीवर बसवत.

ती बी.ए. झाली. मला आनंद झाला आणि तिचा हेवाही वाटला, दोन्ही खरं आहे. त्या दिवशी पेढे वाटून झाल्यावर वडील माझ्याजवळ येऊन बसले आणि हळूच म्हणाले, "तवा तुजंबी लिवलं असतं, तर तुलाबी शिकवावं लागलं असतं."

त्यांना वाईट वाटत होतं, ते दिसत होतं. मला मात्र माझाच राग आला. टाक माझ्या हातात होता, आणि मी विचारत बसले.