ओटी जाहीर करणारे दाजी

आमच्या दाजींइतक्या ताठ मानेनं दिवाळखोर झालेला माणूस साऱ्या सिंगापुरात दुसरा नसेल. दाजी म्हणजे माझ्या मावसबहिणीचे, ताईचे यजमान. रॅफल्स प्लेसला एका बँकेत हिशेब बघायचे. मित्राच्या हॉटेलाच्या कर्जाला जामीन राहिले, मित्र बुडाला आणि कोर्टानं दाजींना दिवाळखोर ठरवलं. नोकरी गेली, कॉन्डोतला महागडा फ्लॅट गेला. एका गोदामात माल मोजायचं काम धरून ते वुडलँड्सला आमच्याच ब्लॉकमध्ये भाड्यानं राहायला आले. दुसरा कोणी तोंड लपवून आला असता. दाजींनी पहिल्याच दिवशी लिफ्टमध्ये मला सांगितलं, "सुमनबाई, आता मी सरकारमान्य दिवाळखोर! दर महिन्याला हप्ता भरायचा, परवानगीशिवाय देशाबाहेर जायचं नाही आणि घरात आलेली पै न पै कळवायची. बाकी मजेत."

पण कळवावं तरी किती! हॉकर सेंटरला, म्हणजे स्वस्त खाण्याच्या टपऱ्यांवर, एका कॉफीची पावती मागणारा हा एकच माणूस. त्यांना लांबून बघितलं की कॉफीवाला पाठ फिरवायचा. एका संक्रांतीला मी ताईची ओटी भरली. तिची ओढाताण ठाऊक होती, म्हणून नारळाखाली गुपचूप पन्नास डॉलर सरकवले. दुसऱ्या दिवशी दाजी दारात. "सुमनबाई, हे उत्पन्न की भेट?" मला इतकी लाज वाटली, की मी आत जाऊन कुकर लावला. दाजींनी मात्र दिवाळखोरीच्या ऑफिसातल्या चिनी बाईंना पानभर पत्र धाडलं. ओटी म्हणजे काय, ती कोण कोणाची भरतं, तांदूळ किती, खण कसला, डॉलर किती, सगळं. इथल्या बोलीतला 'लाह' जोडून बाईंनी फोनवर सांगितलं, "अंकल, पैसे लिहिले ते चांगलं केलं. पण नारळ नको लाह!" दाजी म्हणाले, "मग नारळ वगळायचा, हे मला लेखी द्या."

कराचे नियम बदलले की लोक कपाळाला हात लावतात. दाजी त्या दिवशी ताईला पोहे करायला लावून टीव्हीसमोर बसायचे, क्रिकेटची मॅच असल्यासारखे. यंदा मात्र पोहे तसेच राहिले. संध्याकाळचे कोर्स करून दाजी करात जी सूट मिळवायचे, तीच बंद झाली आणि कर वाढला. नेमकं लेकीचं लग्न पुण्यात ठरलेलं. हप्ता चुकला, तर पुण्याला जायची परवानगी मिळणं अवघड. लेक म्हणाली, "बाबा, आपण इथेच रजिस्टर करू ना, ओके लाह."

"आणि पुण्यातले पाहुणे विचारतील, मुलीचा बाप कुठाय, तेव्हा? ओके लाह सांगायचं?" दाजी म्हणाले.

मग ताईनं घरून डबे द्यायला सुरुवात केली. पैसे रोख येत. माझा मुलगा म्हणाला, "काका, हे कशाला दाखवता? हप्ता वाढवून ठेवतील. कोण बघतंय?"

"अरे, मी बुडालो तो माझ्याच सहीनं," दाजी म्हणाले. "तीच सही आता खोट्या कागदाखाली करू?"

आणि खरोखरच डब्यांची कमाई, कराचा नवा कागद आणि घरखर्चाची वही घेऊन ते त्या बाईंसमोर जाऊन बसले. एसी बंद ठेवल्याचं आणि एमआरटी मेट्रोचे तीन थांबे चालत जात असल्याचंही सांगून आले. बाईंनी सगळे कागद दोनदा पाहिले. डब्यांची कमाई एकीकडे वाढली, कर दुसरीकडे वाढला, म्हणून हप्ता होता तेवढाच ठेवला. आठ दिवसांची परवानगीही मिळाली. पण डबे आठ दिवस बंद ठेवले, तर हप्त्याला पैसे कमी पडणार. ताई रडकुंडीला आली. सगळे बसलेले असताना मी कधी बोलत नाही, पण त्या दिवशी म्हणाले, "डबे मी करते." माझं लग्नाला जाणं हुकलं, पण एकही डबा चुकला नाही. लेकीची सासरी पाठवणी करून दाजी बरोबर आठव्या दिवशी परत आले. मला अजून त्यांचा अभिमान वाटतो. चुलत्याचा वाटतो, भावाचा वाटतो, तसा.

पुढचा फॉर्म भरायला ते आमच्याच टेबलाशी बसले होते. भराभर लिहीत होते. 'घरात राहणारी माणसं' या चौकटीपाशी पेन थांबलं.

"अहो, दोन लिहा," ताई हळूच म्हणाली.

"लिहितो गं," दाजी म्हणाले. पण आधी त्यांनी जुना फॉर्म काढून त्यातला तीनचा आकडा पुन्हा एकदा बघून घेतला.