मामीची झोप

माझा मामा नगरपालिकेत रस्त्यावरच्या दिव्यांचा वायरमन होता. एकतीस वर्षं त्याने शिडीवर चढून शहर उजळवलं आणि निवृत्त व्हायच्या तीन महिने आधी स्वतःच्या बायकोची झोप उडवली.

झालं असं, की पिवळे दिवे काढून पांढरे एलईडी बसवायचे होते. आमच्या गल्लीत नवा खांब कुठे रोवायचा, हे मामाच्या हातात होतं. त्याने तो बरोब्बर मामीच्या खिडकीसमोर रोवला. मामी शिवणकाम करते. "आता सुईत दोरा ओवायला तुला चष्मा लागायचा नाही," म्हणाला. लोक बायकोसाठी दागिने आणतात, याने खांब आणला.

तेव्हापासून मामीच्या डोळ्याला डोळा लागेना. जाड पडदा लावला की दम्यामुळे तिचा जीव गुदमरायचा. रक्तदाब चढला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, वर सांगितलं, "रात्रभर डोळ्यांवर उजेड असेल, तर शरीराला रात्र झाल्याचं कळणार कसं? खोलीत अंधार करा." दीड वर्षात मामी अर्धी झाली. एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला तिने दोन्ही बाह्या डाव्याच जोडल्या आणि तो सदरा मांडीवर घेऊन रडत बसली.

मामा कधी रडला नाही, पण चहा पिताना हळूच जुनं काढायचा. लग्नानंतर ते राहायचे त्या वस्तीत दिवे पोचले नव्हते. दोघं गच्चीवर झोपायचे. मामी मोठ्याने चांदण्या मोजायची आणि चाळीस व्हायच्या आत झोपून जायची.

"एकदाही पन्नासला पोचली नाही," मामा म्हणायचा. "ते मोजणं परत एकदा ऐकायचंय गं मला. फार आठवण येते."

शेवटी तो अर्ज घेऊन ऑफिसात गेला. मी सोबत होते. त्याच्याच हाताखाली शिकलेला वायरमन समोर होता. न वाचताच म्हणाला, "डोळे मिटून झोपायला सांगा की."

हे वाक्य मामाचंच. दिव्याची तक्रार घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला त्याने हेच ऐकवलं होतं आणि पोरांना हसवलं होतं. मला त्याचा तेव्हाही राग यायचा. आज तो मान खाली घालून उभा होता.

"माझ्या घरचा अर्ज आहे," तो म्हणाला. "दिवा काढू नको, लोकांना रात्री उशिरा घरी यावं लागतं. फक्त खिडकीच्या बाजूने झापड लावू दे."

वायरमन ओशाळला. दुसऱ्या दिवशी तोच शिडी घेऊन आला. मामाने तेलाचा डबा कापून, काळा रंग देऊन झापड केली होती. शिडीवर चढायचा हक्क गेला होता, म्हणून तो खालून "डावीकडे, अजून डावीकडे" करत राहिला.

त्या रात्री उजेड फक्त रस्त्यावर पडला. मी बाहेरच्या खोलीत होते, दार उघडं होतं.

"अहो, चांदण्या दिसतायत. पण तीनच."

"बाकीच्या शहराच्या उजेडात गेल्या. आम्हीच घालवल्या."

"मग मोजू काय?"

"त्या तीनच मोज. संपल्या की परत पहिल्यापासून."

मामीने मोजायला घेतलं. एक, दोन, तीन. एक, दोन, तीन. बऱ्याच वेळाने आवाज 'दोन'वर थांबला आणि बारीक घोरणं ऐकू आलं.

"तीन," मामा म्हणाला, अगदी हळू, तिला जाग येऊ नये म्हणून.