मोटरच्या चाकाचे स्पोक

इतवारा मोहल्ल्यात आमचं सायकलचं दुकान वडिलांपासूनचं. चाक बांधण्याचा त्यांचा एकच कायदा होता: हबातून, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातून, निघालेल्या प्रत्येक स्पोकने वाटेत तीन स्पोक ओलांडायचे, मगच रिमला भिडायचं. मी चाळीस वर्षं तसंच बांधत आलो. डोळे मिटून बांधतो, असं गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचोही.

बायको शिक्षिका. तिची शाळा इच्छापुरच्या रस्त्यावर, फाट्यापासून दोन किलोमीटर आत, केळीच्या बागांमधून. ऑटो फाट्यावर सोडायची, पुढे पायी. नोकरीची तीन वर्षं उरली असताना तिचा उजवा गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, जास्त चालायचं नाही, पायडल मारायचं नाही. स्कूटरला ती घाबरायची. शाळा मात्र सोडायची नव्हती. "घरी बसली तर मरून जाईन," असं हसत म्हणायची, पण ते हसणं खरं नव्हतं. मग मी दुकानातली एक सायकल तिच्यासाठी काढली आणि तिला लावायला इंदूरहून बॅटरीवरची मोटर मागवली. ही मोटर मागच्या चाकात हबाच्याच जागी बसते, ताटलीएवढी रुंद. पायडल मारायची गरजच नाही.

चाक बांधायला बसलो तेव्हा ती चहा घेऊन आली. रिमजवळ वाकून म्हणाली, "अहो, हे स्पोक तिरपे घुसून राहिले ना. सरळ नाही लावता येत काय?"

"तू पोरांले पाढे शिकव," मी म्हणालो. "चाकातलं मले समजते."

पंधरा दिवसांत दोन स्पोक तुटले, दोन्ही रिमपाशीच. नाचता येईना अंगण वाकडं, तसं मी मालाला शिव्या घातल्या आणि जाड स्पोक आणले. ते आणखी लवकर तुटले. चार वेळा चाक उघडलं, चार वेळा आऊट काढून त्याचं डुगडुगणं घालवलं, आणि चारही वेळा तेच तीन ओलांडले. दुसरं काही मला येतच नव्हतं. दर वेळी ती म्हणायची, "आता टिकेल." तिचा तो विश्वास मला सहन व्हायचा नाही.

पाचव्यांदा तुटले ते शाळेतून परतताना; एका बाजूचे पाच-सहा स्पोक एकदम गेले. रिम फ्रेमला घासायला लागली. ती जड सायकल ढकलत ती फाट्यापर्यंत आली आणि तिथून तिने फोन केला. मी टेम्पो घेऊन पोचलो तेव्हा ती रस्त्याच्या कडेला बसली होती, गुडघा सुजून फुगला होता. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त विचारलं, "दुकान बंद करून आले काय?"

त्या आठवड्यात ती घरात पलंगावर आणि मी दुकानात चाकापुढे. तुटलेले स्पोक जमिनीवर मांडले. सगळे एकाच जागी, रिममध्ये स्पोक धरणाऱ्या निप्पलच्या तोंडाशी वाकून तुटलेले. मोटर रुंद, म्हणून स्पोक आखूड. तीन ओलांडायला लावले की ते रिममध्ये तिरपे शिरतात आणि प्रत्येक फेऱ्याला तिथेच मुरडतात. तिला हे एका नजरेत दिसलं होतं. मला इतकी लाज वाटली की वडिलांवरही राग आला. पण त्यांचा काय दोष, त्यांनी असली मोटर पाहिलीच कुठे होती!

स्पोक कापले, नवे आटे पाडले, आणि एकच ओलांडून चाक बांधलं. स्पोक रिममध्ये जवळजवळ सरळ गेले. लालबागपर्यंत जाऊन आलो, खड्डे मुद्दाम घेतले. एकही स्पोक हलला नाही. सायकल तिच्या पलंगाशेजारी स्टँडवर लावली आणि म्हणालो, "तुझंच खरं होतं. सोमवारपासून जा."

तिने हात लांब करून चाक फिरवलं आणि ते थांबेपर्यंत पाहत राहिली.

"छान झालं," ती म्हणाली. "मी नोकरी सोडायचा अर्ज देऊन टाकला, परवाच. तुम्ही दुकानात होते तेव्हा शाळेच्या मोठ्या बाई घरी येऊन घेऊन गेल्या."

"मले सांगितलं नाही?"

"तुम्ही इतका जीव लावून बांधून राहिले होते," ती म्हणाली. "कसं सांगू?"