बाटलीतलं मीठ

ठाण्याच्या खाडीवर आमचं सगळं घर मिठागरात राबायचं. आगर मालकाचं, पाय आमचे. खाऱ्या पाण्याने बाबांच्या तळपायांना भेगा पडायच्या आणि उन्हाळा सरला तरी त्या भरून येत नसत. पावसाळ्यात आगर बंद, मग चार महिने पेजेवर. अशा घरातून मी कल्याणच्या इंग्रजी शाळेत गेलो आणि पुढे मुंबईच्या कॉलेजात, हे आज अभिमानाने सांगतो. तेव्हा सांगत नव्हतो. कुणी विचारलं तर वडील शेती करतात म्हणून मोकळा व्हायचो.

दुसऱ्या वर्षी बाबांना आगरात उभं राहवेना. माझी फी माफ झाली नाही तर मी परत येऊन त्यांच्या जागी उतरायचं, असं घरी ठरलं. त्याच सुमारास आमच्या पदार्थविज्ञानाच्या प्रोफेसरांना प्रयोगशाळेत हाताखाली एक विद्यार्थी हवा होता. त्याला फी माफ. आम्ही तिघे उभे राहिलो, तिघांना परीक्षा म्हणून एकच काम मिळालं. ठाण्याच्या एका डॉक्टरांनी डोळ्याला टाके घालायच्या रेशमाची दोन रिळं पाठवली होती. कोणतं बारीक आणि कितीने, हे त्यांना हवं होतं. बोटांना तर काहीच फरक लागत नव्हता.

मोजायची रीत अशी. दोन सपाट काचा एकमेकींवर ठेवायच्या आणि एका कडेला मध्ये धागा. काचांमध्ये हवेची निमुळती फट राहते. वरून एकाच रंगाचा उजेड पाडला की फटीच्या दोन्ही बाजूंनी परतणारा उजेड कुठे एकमेकाला मिळतो, कुठे मारतो, आणि काळ्या रेघा उमटतात. त्या मोजल्या की धाग्याची जाडी निघते. असा उजेड मिळवायला प्रयोगशाळेतल्या बाटलीतलं मीठ स्पिरिटच्या दिव्यात धरायचं, ज्योत पिवळीधमक होते.

पण मीठ तडतडायचं. ज्योत उडायची, रेघा दिसेनाशा व्हायच्या आणि माझी मोजणी तुटायची. तिघांचीही तीच गत. तीन दिवस गेले. बाकीच्या दोघांतला एक गिरगावचा. तो म्हणाला, “अरे, तुझ्या शेतात काचा पिकत नाहीत वाटतं.”

शनिवारी घरी गेलो आणि चुलीपाशी बसून आईला हे सगळं सांगितलं. ती हसायलाच लागली.

“अरे, कच्चं मीठ जाळावर उडनारच. त्याच्या पोटात पानी हाय. आधी तव्यावर भाज, तडतड थांबली का मग कूट.”

हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण त्या बाटलीवर इंग्रजी चिठ्ठी होती, म्हणून आतलं ते आपलंच मीठ, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

आईने मूठभर भाजून, कुटून फडक्यात बांधून दिलं. सोमवारी ज्योत हलली नाही. दोन्ही रिळांच्या रेघा मी दोन-दोनदा मोजल्या, आकडे जुळले. प्रोफेसरांनी काचांवर डोळा लावून स्वतः मोजलं आणि विचारलं, ही युक्ती कुठल्या पुस्तकातली?

बाकीचे दोघे शेजारीच उभे होते. एकदा वाटलं, पुस्तकाचं नाव ठोकून द्यावं.

“पुस्तकातली नाही, साहेब. आईने सांगितली. आम्ही मिठागरात मजुरी करतो.”

ते हसतील अशी मी मनाची तयारी ठेवली होती. प्रोफेसरांनी प्रयोगाची वही माझ्यापुढे सरकवली. मीठ कसं भाजलं ते लिही म्हणाले, आणि आईने सांगितलं हेही लिही. त्या एका वाक्याचे उपकार मी कधी विसरलो नाही. दुपारी गिरगावकर हळूच जवळ आला. “चिमूटभर मलाही दे रे.” दिलं.

डॉक्टरांना हवी ती मापं गेली. जागा मला मिळाली, फी माफ झाली. पुढे मी बी. एस्सी. झालो. आमच्या वस्तीत तोवर कुणी झालं नव्हतं.