माझ्या नंबरावर कोण बसलंय?

आमच्या बेंगळुरूच्या विद्यापीठात माणसापेक्षा नंबराला मान. लॅबमधल्या प्रत्येक कॉम्प्युटरला नेटवर्कवरचा एक आयपी नंबर, तोही हातानं टाकायचा. सीनियर गेला की त्याची खुर्ची, त्याचा चहाचा कप आणि त्याचा नंबर मागून येणाऱ्याच्या वाट्याला. मला आला तो अथणीकडच्या एका अण्णांचा. त्यांच्याही घरी मराठी आणि दारात कन्नड, आमच्या निपाणीसारखंच, त्यामुळे पहिल्याच दिवशी आमचं जमलं. त्यांचा प्रबंध लिहून तयार होता. पण वडिलांच्या आजारपणात मुदत टळली, नोंदणी रद्द झाली आणि सगळं पाण्यात गेलं. आता ते इलेक्ट्रॉनिक सिटीत कुठल्याशा कंपनीत आहेत. जाताना मला म्हणाले होते, नंबर चांगला आहे, कधी दगा देत नाही.

दिला की! माझी मुदत ज्या दिवशी संपत होती, नेमका त्याच दिवशी दिला.

प्रबंध पोर्टलवर चढवायचा होता संध्याकाळी पाचच्या आत. माझ्या गाइड सरांची शेवटची सही मिळाली त्याच सकाळी, म्हणून आधी चढवता आला नव्हता. पाच वाजून गेले की माझंही अण्णांसारखंच होणार, नोंदणी रद्द आणि इतक्या वर्षांची माती. पोर्टल उघडायचं तर आवारातूनच, प्रॉक्सीला, म्हणजे नेटच्या दारावरच्या राखणदाराला, आपलं नाव नि पासवर्ड सांगून, आणि ज्यानं त्यानं आपल्याच नंबरावरून. मोबाइलच्या नेटवर ते ढुंकूनही बघत नाही.

त्यात दुसऱ्या दिवसापासून दसऱ्याची सुट्टी, म्हणून सकाळीच लॅबची आयुधपूजा झालेली. आपली खंडेनवमीच ती, पण बेंगळुरूत तिचा थाट काही और. सगळ्या वायरी काढून, कॉम्प्युटर पुसून, वायरी परत लावून प्रत्येकाला कुंकू आणि झेंडू. कोपऱ्यात केळीचे खांब बांधून मुख्य पूजा लॅबच्या सगळ्यात जुन्या कॉम्प्युटरची. एरवी वर्षभर त्या खोक्याला कुणी विचारत नाही, त्या दिवशी मात्र तो देव. सर पूजा करून, सगळ्यांच्या हातावर चुरमुरे ठेवून घरी गेले. मुलंही पांगली. राहिलो मी आणि माझी एक ज्युनियर, नागपूरची.

मी फाइल चढवायला घेतली आणि प्रॉक्सीनं पासवर्ड मागितला. दिला. परत मागितला. परत दिला. पट्टी थोडी सरकली आणि मेली. मग कोपऱ्यात पाटी आली, हा आयपी नंबर दुसरं कुणीतरी वापरत आहे. मी म्हटलं, वापरत असेल तुझा बाप, आणि कॉम्प्युटर बंद करून चालू केला. पुन्हा तेच.

नेटवर्क विभागाला फोन लावला. बऱ्याच वेळानं एकानं उचलला. मागे नारळ फुटत होते. तो म्हणाला, ‘पूजे मुगीली, बर्तीवि.’ म्हणजे पूजा संपू दे, येतो. मी माझ्या मोडक्या कन्नडमध्ये रडगाणं गायलं, तो सरी सरी, म्हणजे बरं बरं, म्हणाला आणि फोन ठेवला. नंतर कुणी उचललाच नाही. मी त्यांच्या इमारतीपर्यंत पळत गेले. खाली सगळ्यांच्या स्कूटर हार घालून ओळीनं उभ्या, फुटलेला कोहळा वाटेत पडलेला, आणि वर दाराला कुलूप. मी तिथेच पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. जे. पी. नगरच्या घरी सासूबाई माझ्या मुलीला सांभाळत होत्या. ती रोज विचारायची, आई, तुझी शाळा कधी संपणार? आज संपणार, असं मी सकाळी तिला तोंड भरून सांगून आले होते.

परत आले तर ज्युनियर डोकं लावून बसलेली. ताई, तुमचा नंबर माझ्या मशीनवर टाकून बघू का, म्हणाली. टाकला. माझा बंद होता तरी तिथेही तीच पाटी. म्हणजे माझा कॉम्प्युटर धडधाकट होता. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी चालला होता माझा. मग मी माझी वायर भिंतीतून उपटून काढली आणि तिला तिचा नंबर परत टाकून माझ्या नंबराला पिंग करायला सांगितलं. पिंग म्हणजे नुसती हाक मारायची, कुणी असेल तर ओ देतं.

मी वायर हातात धरून उभी होते आणि माझा नंबर ओ देत होता.

 मग असा राग आला की विचारू नका. कोण मेला बसलाय माझ्या नंबरावर? आम्ही एकेका टेबलाशी जाऊन बघितलं. सगळे कॉम्प्युटर बंद, कुंकू लावून गप्प. साडेचार होऊन गेले होते. भिंतीवर सगळ्या वायरी जिथे येऊन मिळतात त्या डब्याकडे लक्ष गेलं. ज्युनियरच्या वायरीचा सोडून आणखी एक दिवा लुकलुकत होता. ती वायर धरून मी गुडघ्यांवर रांगत गेले, टेबलांखालून, झेंडूच्या पाकळ्यांतून, आणि डोकं आपटलं ते केळीच्या खांबावर.

काखेत कळसा! पूजा चालू यंत्राची करायची, मेलेल्याची नाही, हा आमच्या सरांचा नेम. म्हणून त्या म्हाताऱ्या खोक्याला ते दर वर्षी चालू करतात आणि दसऱ्यापर्यंत बंद करत नाहीत. यंदा पुसापुशीत कुणीतरी हौसेनं त्याला नेटवर्कची वायरही लावली होती. आणि त्यावर एके काळी काम करायचे अण्णा. त्यांचा नंबर अजून त्याच्या पोटात होता.

मी हात जोडले आणि त्याची नेटवर्कची वायर उपटली.

माझा कॉम्प्युटर परत जोडून चालू केला आणि फाइल चढायला लागली. ज्युनियर देव पाण्यात घालून बसल्यासारखी शेजारी. पाचाला थोडीच मिनिटं असताना पोच आली. मी तिला मिठी मारली आणि तिच्या खांद्यावर पुन्हा रडले.

घरी फोन करून झाल्यावर जुन्या कॉम्प्युटरचा मॉनिटर चालू करून बघितला. प्रॉक्सीची चौकट उघडी, त्यात अण्णांचं नाव, आणि पुढे पासवर्डची रिकामी जागा. मी दिवसभर जे भरत होते तेच हे खोकं त्यांच्याकडे मागत होतं. राहवलं नाही, त्यांना फोन लावला. माझं झालं म्हटल्यावर केवढे खूश झाले. वायरीची गोष्ट सांगितली तर पोट धरून हसले. मग हसू थांबलं.

‘माझी फाइल आहे का गं त्यात?’

मी बघितलं. समोरच होती, त्यांच्या प्रबंधाच्या नावानं.

‘आहे, अण्णा. बंद करू का आता हे?’



‘नको,’ ते म्हणाले. ‘पूजेला लावलंय ना? दसऱ्यापर्यंत चालू राहू दे.’