आत्याचं नाव न घेता

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी जुन्नरच्या एसटी स्टँडवर ओतूरच्या गाडीची वाट बघत होते. तिलाच भेटायला निघाले होते. महिना होऊन गेला, पण माझं मन काही थाऱ्यावर नाही... कारण गावात ऊसतोडीची माणसं आलीत आणि देवळाच्या सभामंडपाला कुलूप आहे.

कौसाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. सगळं आयुष्य शेतात गेलं, पण ग्रामसभेत ती उभी राहिली की लोक पंखा बंद करायचे, इतका तिचा आवाज बारीक. भांडायची नाही. समोरच्याचं म्हणणं आधी स्वतःच मांडायची, त्याच्यापेक्षा नीट, आणि विचारायची, "बरोबर बोलले का?" तो हो म्हणेपर्यंत पुढे जायची नाही. मला याची भयंकर चीड यायची. त्याच्या हातात आयतं कोलीत कशाला द्यायचं? ती म्हणायची, "आपण ऐकून घेतलं, की त्यो बी ऐकतो गं."

काही वर्षांपूर्वी तोडकऱ्यांच्या कोप्यांपाशी बिबट्या दिसला. उसाच्या पाचटाची झोपडी ती, तिला धड दार नाही, आत लहान पोरं. रात्रीपुरता सभामंडप द्या, असं आत्यानं ग्रामसभेत सांगितलं. देवस्थान समितीचे बबनराव उखडले. आत्या शांतपणे म्हणाली, "बबनरावांचं म्हणणं असं, की चुली पेटतील, भिंती काळ्या व्हतील. आन आग लागली तर जबाबदार कोण? बरोबर बोलले का?" आगीचं तर बबनरावांना सुचलंही नव्हतं. त्यांनी मान हलवली. "मंग आता माझं ऐका. ऊस आपला. तोडायला ह्यांना आपणच बोलावलं. ऊस तुटला की बिबट्या बाहेर पडणार, हे आपल्याला ठावं हाय. त्याच्या वाटंवर दुसऱ्याची पोरं झोपवायची, आन आपण कड्या लावून घ्यायच्या? चुली बाहेर मांडू. झाडायला मी येते." चावी बबनरावांनीच काढून दिली.

दर हंगामात मंडप उघडत राहिला. यंदा नव्या फरश्या बसल्या आणि समिती नाही म्हणाली. आत्या तेव्हा अंथरुणाला खिळलेली. म्हणाली, "आता तू बोल. पण आत्यासाठी उघडा, असं म्हणू नको. रडून उघडलं तर डोळं पुसल्यावर परत लावतील. पटवून दे." ती आमची शेवटची भेट.

परवा समितीच्या बैठकीत बोलले. बबनरावांची बाजू आधी मांडली. "बरोबर," ते म्हणाले. पुढे मात्र माझी गाडी अडखळली... बबनराव खाली बघत होते. आत्याचं नुसतं नाव काढलं असतं, तर त्यांनी तिथंच चावी दिली असती, हे मला दिसत होतं. ओठांवर आलेलं गिळलं. निर्णय सोमवारवर गेला.

येताना कोप्यांवरून आले. दिवस मावळत होता. एक बाई कडेवर पोर घेऊन कोपीच्या तोंडाशी बाज आडवी लावत होती. बिबट्या अडवायला बाज! तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही.

आत्या, तुझं तत्त्व खरं असेल. पण ते पाळतेय मी, आणि जीव टांगणीला लागलाय त्या पोरांचा. सोमवारी जीव तोडून पटवून बघेन. नाहीच पटलं, तर तुझं नाव घेणार आहे. रागाव हवं तर.