दादाने समुद्र दाखवला

येरळेकाठची आम्ही माणसं पाण्याच्या बाबतीत जन्माची हावरी. नदीत वर्षातला बराच काळ नुसती वाळू, त्यामुळे एखाद्या डोहात गुडघाभर पाणी दिसलं की मी आणि माझा थोरला भाऊ शाळा बुडवून तिकडे पळायचो. दादा बांबूच्या काठीला नायलॉनचा तंगूस बांधायचा. ज्वारीच्या पिठात लसूण ठेचून गळाला लावायच्या गोळ्या वळणं हे माझं काम. गोळी घट्ट हवी, पण माशाला तोंडात धरता आली पाहिजे, हे मला त्यानेच शिकवलं. मी वयात आले आणि आईने माझं नदीवर जाणं बंद केलं. मी दोन दिवस जेवले नाही. तेव्हा दादाने समजूत काढली, "रडू नगं तायडे. मी तुला समुद्रावर न्हेतो. तिथं कोन न्हाई अडवत." त्याने तरी तोवर समुद्र कुठे पाहिला होता!

पुढे तो फौजेत गेला आणि खरोखरच दक्षिणेत समुद्रकाठी त्याची बदली झाली. लाटांत उभं राहून गळ लांब फेकायचा आणि मासा धरायचा, हे तो तिथे एका जोडीदाराकडून शिकला. सुट्टीवर आला की अंगणात लांब काठी घेऊन ते आम्हाला करून दाखवायचा. कोंबड्या सैरावैरा पळायच्या, आई ओरडायची. "रिटायर झालो की पैलं तुला न्हेणार," हे दर सुट्टीत ठरलेलं. मी सांगलीला विश्रामबागेत नांदायला आले, शाळेत शिकवू लागले, माझीही नोकरी संपली. तो निवृत्त होऊन उसाच्या मागे लागला. मीही आठवण करून देणं सोडलं. म्हाताऱ्या बहिणीने भावाकडे समुद्राचा हट्ट धरायचा म्हणजे हसं व्हायचं.

आईमागून मग वडीलही गेले. सातबाऱ्यावर दादाच्या नावाखाली माझंही नाव लागलं. आमच्याकडे अशा वेळी काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असतं. कायद्याने बहिणीला वाटा आहे, आणि रीतीने तिने तो सोडायचा आहे. ती कचेरीत जाऊन हक्कसोडीवर सही करते, भाऊ साडीचोळी करतो, सगळे मिळून जेवतात. माझ्या आत्यांनी हेच केलं, चुलत बहिणींनीही हेच केलं. माझे यजमान म्हणाले, जरा विचार कर. मी म्हटलं, केलाय. जमीन कसली दादाने, आईवडिलांचं केलं त्याने, मी तिथे पाहुणी. मला फक्त एवढंच हवं होतं की त्याने माझ्या घरी यावं, समोर बसावं आणि सरळ तोंडाने मागावं. मी थोडी चेष्टा करणार होते, "निम्मा ऊस माझा बरं का," म्हणणार होते, आणि मग हो म्हणणार होते.

तो आला नाही. वडिलांचं वर्षश्राद्ध झालं, त्या दिवशीही काही बोलला नाही. आणि थंडीत एकदा त्याचा फोन आला. "तायडे, शनवारी तयार ऱ्हा. समुद्रावर जायाचं."

मला आभाळ ठेंगणं झालं. हा माणूस वाट्याचा शब्द काढत नाही आणि लहानपणी दिलेला शब्द मात्र विसरत नाही, असं मी यजमानांना दहा वेळा ऐकवलं. आता त्याला मागायला लावायचंच नाही असं मी ठरवलं. समुद्रावर मीच म्हणायचं, "दादा, सोमवारी कडेगावच्या कचेरीत येते सही करायला." त्याचा चेहरा कसा होईल ते मनात रंगवत मी पहाटे उठले आणि हौसेने ज्वारीचं पीठ मळलं. सोलून सोलून बोटांना लसणाचा वास लागला.

आंबा घाट उतरून आम्ही दोघं दादाच्या गाडीने एका बीचवर पोचलो तेव्हा दुपार कलत होती. सरकारने तिथे बाग केली आहे, बाकडी आहेत, पाय धुवायला नळ आहेत. शिट्टीवाल्या जीवरक्षकाने माझ्या हातातला स्टीलचा डबा आणि नेसूचं लुगडं पाहून विचारलं, "पहिल्यांदाच काय?" पोहणाऱ्यांपासून लांब, शेवटच्या झेंड्यापलीकडे गळ टाका, आणि लाटेकडे पाठ करू नका, असं त्याने बजावलं. मी मान डोलावली आणि दादाला हाक मारायला वळले. लाटेने मला गुडघ्यापर्यंत भिजवलं. पायाखालची वाळू सरकली तशी मी दादाचा दंड घट्ट धरला. तो हसत होता, मीही हसत होते. इतकं मी वडील गेल्यापासून हसले नव्हते.

मी डबा उघडून गोळी पुढे केली. दादा म्हणाला, "आगं, हितं पीठ चालत न्हाई. लाट एका दमात धुऊन न्हेती."

"एकदा लावून तर बघ," मी म्हटलं.

त्याने माझं मन राखलं. गळ फेकला, थोड्या वेळाने ओढून आणला. लख्ख घासल्यासारखा रिकामा. नदीची अक्कल समुद्रावर चालत नाही, एवढं मला कळलं. मग त्याने वाटेत घेतलेली कोळंबी काढली. तंगुसाच्या टोकाला शिशाचं जडसं वजन होतं, म्हणजे लाटेने गळ वाहून जात नाही. माझ्यामागे उभं राहून त्याने माझे हात काठीवर ठेवले. "लाट फुटली की फेकायचं. फुटायच्या आधी न्हाई." माझा पहिला गळ पायाशीच पडला, दुसरा कुठे गेला देव जाणे. पुढचा कधीतरी बरोबर लाटेपलीकडे पडला. दादा म्हणाला, "शाब्बास." त्या शब्दाने मी डोहाकाठची पोर झाले.

ऊन उतरताना काठीच्या शेंड्याला दोन बारीक हिसके बसले. "गुंडाळ, गुंडाळ," दादा म्हणाला. वीतभर लांबीची चंदेरी मुडदुशी वाळूवर येऊन तडफडू लागली. दादाने माझा माशासकट फोटो काढला. मी तो लगेच घरच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "दादाने शब्द पाळला." डोळे भरून आले होते. म्हटलं, आता सांगावं.

"दादा, एक बोलायचं हुतं."

"आधी माझं ऐक," तो म्हणाला. "सोमवारी कडेगावला येशील का? ते हक्कसोडीचं उरकून टाकू."

मला हसूच फुटलं. माझ्याच तोंडातलं वाक्य त्याने घेतलं होतं. ते हसू पाहून त्याचा जीव भांड्यात पडला असावा, कारण तो मोकळेपणाने बोलत सुटला. "बघ, तुझी वैनी म्हनलीच हुती. घरात इषय काढू नगा, वन्संचं मालक मदी बोलत्याल. वन्संस्नी समुद्रावर न्हेवा, लय दिसाची हौस हाय. खूश झाल्या की मग म्हना."

हे तो मला गंमत म्हणून सांगत होता. मी काठी वाळूत ठेवली.

"म्हणून आणलंस मला?"

"आगं, आणायचं हुतंच की कवातरी."

"आणि मी सही न्हाई केली तर?"

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता गोंधळला. गळातून मासा सोडवता सोडवता त्याने माझ्याकडे पाहिलं आणि खरोखर न समजून विचारलं, "मग एवढ्या लांब आणलं कशाला तुला?"

हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या पाठी, अशी माझी गत. जमीन मी द्यायला निघालेच होते, तिचं मला काही नव्हतं. पण ज्या एका आठवणीवर मी सासरी सगळी वर्षं माहेर सांभाळलं, ती त्याने नवराबायकोत बसून, चहा पीत, उपयोगाची वस्तू म्हणून बाहेर काढली होती. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. रागाने मी पदर अंगाभोवती आवळला, आणि त्याला वाटलं मला थंडी वाजतेय. त्याने आपली शाल दिली. मी ती घेतली, याचाही मला स्वतःवर राग आहेच.

परतताना मी झोपेचं सोंग घेतलं. घाटात रेंज यायची, जायची, आणि आली की मोबाइल वाजत राहायचा. ग्रुपवर सगळे लिहीत होते, भाऊ असावा तर असा.

यजमान म्हणाले, आता मुळीच जाऊ नकोस. मी सोमवारी गेले. सही नाही केली तर भांडण जमिनीचं आहे असं गावभर झालं असतं, आणि ते मला सोसलं नसतं. कचेरीतल्या माणसाने सगळ्यांना विचारतात तसं मलाही विचारलं, "ताई, खुशीनं देताय ना?" मी हो म्हटलं. दादा मागे उभा होता.

रीतीप्रमाणे वहिनीने मला कुंकू लावून साडी दिली, आम्ही हॉटेलात जेवलो. दादा कित्येक महिन्यांनी पोटभर जेवताना दिसला. मला एसटीत बसवायला आला तेव्हा त्याला एकदम भरून आलं. खिडकीशी उभा राहून म्हणाला, "दिवाळी झाली की परत जाऊ समुद्रावर. आता मोठा मासा धरू."

मी म्हटलं, "आता कशाला, दादा?"

त्याने क्षणभर विचार केला आणि मान डोलावली. "व्हय," तो म्हणाला, "लांबच पडतंय तसं."